महाराष्ट्रातील शेतीचा प्रारंभ
महाराष्ट्रात शिकार व अन्नसंकलनाकडून शेतीकडे झालेले स्थित्यंतर ताम्रपाषाणयुगात, इ.स.पू. सुमारे २००० नंतर, स्पष्टपणे दिसते. पश्चिम आशियात शेती याच्या हजारो वर्षे आधी रुजली होती. तापी, गोदावरी व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत या काळातील शेतकऱ्यांच्या वसाहती आढळल्या आहेत.

इनामगाव

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केले. ही वसाहत इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील असून तिचे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तीन कालखंड मानले जातात. पूर्व जोर्वे काळात लोक चौकोनी घरांत राहत, सातू पिकवत आणि गुरे, शेळ्या-मेंढ्या पाळत. पुराचे पाणी वळवणारा कालवाही त्यांनी खोदला होता.

ऱ्हास

उत्तर जोर्वे काळात शेतीचे प्रमाण घटले, शिकारीवरील अवलंबन वाढले आणि चौकोनी घरांची जागा लहान, गोल झोपड्यांनी घेतली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी या बदलाचे कारण वाढत्या कोरड्या हवामानात शोधले. त्यामुळे शेतीचा स्वीकार हा एकदिशात्मक प्रवास नव्हता, हे इनामगावच्या पुराव्यांवरून दिसून येते.