राशीचा सल्ला आणि कामाची सवय

‘आज आळस टाळा’, ‘हाती घेतलेले काम पूर्ण करा’, ‘सकाळचा वेळ अनुकूल’. वर्तमानपत्रातील राशिभविष्यात असे सल्ले रोज छापून येतात. अनेक विद्यार्थी ते वाचतात, काही तर परीक्षेच्या काळात त्याप्रमाणे वागूनही पाहतात. अशा सल्ल्याने कामाची सवय सुधारते का? हा प्रश्न हसण्यावारी न नेता आपण त्याचा इतिहास पाहू.

आकाश पाहून कामाची वेळ ठरवणे ही प्रथा जुनी आणि शहाणपणाची आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचा परिसर सागाच्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे. येथील कामाचे वेळापत्रक ऋतूंनी आखलेले असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात, म्हणून उजाडताच वेचायला जायचे. मे महिन्यात पावसाच्या आधी तेंदूपत्ता तोडायचा. पाऊस सुरू झाला की धानाचे पऱ्हे टाकायचे आणि पुढे रोवणी करायची. मोह वेचायला उशीर करणाऱ्याला उपदेशाची गरज नसते. गुरे आणि रानातली जनावरे फुले खाऊन गेलेली असतात, तोच त्याचा धडा.

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागते आणि शेतकरी पेरणीच्या तयारीला लागतो. यात चमत्कार काही नाही. सूर्य मृगात गेला, याचा अर्थ पृथ्वी आपल्या कक्षेत एका ठरावीक जागी पोचली. ऋतू याच भ्रमणावर अवलंबून असल्यामुळे नक्षत्र हे कॅलेंडरचे काम करते. आकाश येथे कामाची वेळ सांगते. काम करणाऱ्याचा स्वभाव ते सांगत नाही. फलज्योतिषाने नेमकी हीच सीमा ओलांडली.

वेदांग ज्योतिषात २७ नक्षत्रे आहेत, बारा राशी नाहीत. राशी आपल्याकडे ग्रीकांच्या संपर्कातून आल्या आणि सहाव्या शतकात वराहमिहिराच्या ग्रंथांत जन्मराशीवरून फल सांगण्याचे शास्त्र सविस्तर मांडलेले दिसते. वर्तमानपत्री राशिभविष्य मात्र अगदी अलीकडचे. १९३० च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या राजघराण्यात राजकन्या मार्गारेट जन्मली, तेव्हा ‘संडे एक्सप्रेस’ने आर. एच. नेलर या ज्योतिष्याकडून तिचे भविष्य लिहून घेतले. वाचकांना ते आवडले आणि पुढे त्यातूनच सदर सुरू झाले.

आता एक अडचण पाहा. ५ जानेवारीला जन्मलेल्या मुलाची सूर्यरास पाश्चात्त्य पद्धतीने मकर, तर आपल्या निरयन पद्धतीने धनू. आपल्याकडे रास सांगताना चंद्र पाहतात, म्हणून ती तिसरीच असू शकते. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ परांचन गतीमुळे दोन पद्धतींत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे. मग या मुलाने कोणत्या राशीचा सल्ला पाळावा?

तरीही ‘माझे भविष्य बरोबर येते’ असे अनेकांना वाटते, त्याचे काय? १९४८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच वर्णन दिले होते आणि त्यातील बरीचशी वाक्ये ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून घेतलेली होती. ‘आळस टाळा’ हा सल्लाही तसाच आहे. तो कोणाला लागू पडत नाही?

दुसरा प्रयोग आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. १९७८ मध्ये जेफ मेयो हे ज्योतिषी आणि हान्स आयझेंक हे मानसशास्त्रज्ञ यांच्या अभ्यासात मेष, मिथुन, सिंह अशा विषम राशींचे लोक थोडे अधिक बहिर्मुख आढळले. ज्योतिषप्रेमींना आनंद झाला. मात्र पुढील तपासात, आपल्या राशीचे ‘गुण’ ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यात हा फरक दिसेना. माणसे राशीसारखी नव्हती, ती स्वतःला राशीसारखी समजू लागली होती.

महाराष्ट्रातील चाचणी २००८ ची. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० पत्रिका जमवल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन ‘यातील हुशार कोण?’ एवढेच विचारले. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे २७ जणांनी पाठवली. नाणे उडवूनही ४० पैकी सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. ज्योतिष्यांची सरासरी त्याहून कमी भरली आणि सर्वांत चांगला निकाल होता २४. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. हा अभ्यास २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

शाळेतही छोटा प्रयोग करता येईल. बारा राशींची एका दिवसाची भविष्ये कापा, राशींची नावे काढून टाका आणि क्रमांक द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने कालच्या दिवसाला सर्वांत लागू पडणारे भविष्य निवडावे. निव्वळ योगायोगाने बारापैकी एकाची निवड त्याच्या राशीशी जुळेल. आठवडाभर नोंदी ठेवा, म्हणजे आकडे बोलू लागतील.

कामाच्या सवयीचा प्रयोग करताना वर्गाचे दोन गट करा. चिठ्ठ्या टाकून एका गटाला रोज राशीचा सल्ला द्या, दुसऱ्याला देऊ नका. केलेल्या कामाची नोंद मात्र दोघांनीही रोज वहीत ठेवावी. ही अट महत्त्वाची आहे, कारण रोज नोंद ठेवल्यानेही काम सुधारू शकते. एकट्या सल्ला घेणाऱ्यांनीच नोंद ठेवली, तर वहीचे श्रेय ग्रहांना जाईल!

हा विषय करमणुकीचा वाटला, तरी शिक्षकांनी तो गंभीरपणे घ्यावा. ‘या राशीची मुले चंचलच असतात’ हे वाक्य घरात किंवा वर्गात वारंवार ऐकणारे मूल पुस्तक मिटून ठेवायला एक सबब शिकते. आयझेंक यांच्या अभ्यासाचा इशारा हाच आहे. पहाटे मोह वेचायला उठणाऱ्या मुलाची रास कोणी विचारीत नाही. अभ्यासाला बसणाऱ्या मुलाचीही विचारू नये.