‘क्ष’ कोणी जोडायचा?

जुहू म्हटलं की कोणाला चौपाटी आठवते, कोणाला पृथ्वी थिएटरचा कटिंग चहा, तर कोणाला अमिताभच्या बंगल्याबाहेरची गर्दी. गुलमोहर क्रॉस रोड नंबर ९ कोणालाच आठवत नाही. पण मंडळी, तुम्ही आत्ता स्क्रीनवर ही जोडाक्षरं न तुटता वाचताय, त्यातला एक मोठा धागा याच गल्लीतून जातो. मेमरी, परफॉर्मन्स आणि दोन लायब्रऱ्यांचं एकमेकींशी पटणं, या आपल्या रोजच्या डोकेदुखींबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. म्हटलं, मराठी अक्षरांच्याच निमित्ताने लिहू.

या गल्लीत होतं एनसीएसटी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी. मूळ टीआयएफआरमधला एक विभाग, तो १९८५ साली डॉ. एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संस्था झाला. नेटवर्कवाल्यांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. १९८९ साली इथून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत सेकंदाला ९.६ किलोबिटची लीज्ड लाइन गेली, आणि ‘डॉट इन’ डोमेनचा कारभारही २००५ पर्यंत इथल्याच मंडळींकडे होता. २००३ मध्ये एनसीएसटी सी-डॅकमध्ये विलीन झाली. असो, तो सगळा वेगळ्या लेखाचा विषय. आपल्याला हवाय तो इथला अक्षरांचा विभाग.

आधी प्रश्न काय होता ते बघू. ‘शर्मिला’ हे नाव घ्या. उच्चारात श, मग र्, मग मि, मग ला. कागदावर मात्र मि मधली वेलांटी म च्या आधी येते आणि आधी उच्चारलेला र् रफार होऊन नंतर, डोक्यावर जाऊन बसतो. म्हणजे साठवण्याचा क्रम एक आणि दिसण्याचा क्रम भलताच. इंग्रजीत एक कोड म्हणजे एक चित्र, विषय संपला. आपल्याकडे मधे कोणीतरी बसून अक्षरं हलवायला, जोडायला लागतात. या कामाला शेपिंग म्हणतात.

यावर नव्वदच्या दशकात दोन उत्तरं होती. पहिलं सरकारी आणि शहाणं: ‘इस्की’ हे १९९१ चं भारतीय प्रमाणक. त्यात उच्चाराच्या क्रमाने अक्षरं साठवायची, प्रत्येकाला एक बाइट, आणि जोडणी दाखवताना करायची. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून उचलली. दुसरं उत्तर जुगाडू: शेपिंगची भानगडच नको, अर्धा क, रफार, वेलांटी ही चित्रंच इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टमध्ये भरायची आणि चित्रांच्या क्रमाने टाइप करायचं. शुषा, श्रीलिपी, आकृती आणि प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा आपापला फॉन्ट हे सगळे याच वाटेचे. हे ताबडतोब चालायचं, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालायचं, वेगवान होतं. फक्त फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा. सर्च नाही, सॉर्ट नाही. त्या काळात डीटीपी झालेली मराठी पुस्तकं आणि अंक आजही अशा फायलींत पडून आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा आणि डिस्प्ले एकमेकांत कालवण्याची ही किंमत. तरी मी त्या लोकांना नावं ठेवणार नाही. त्यांना उद्याचा अंक काढायचा होता.

जुहूची मंडळी पहिल्या वाटेवर होती. तिथे संगणकशास्त्राकडून आले एस. पी. मुदूर आणि अक्षरांकडून आले र. कृ. जोशी. जोशी म्हणजे अजब माणूस. जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कला दिग्दर्शक, वेलकमग्रुपचा तो नमस्काराचे हात असलेला लोगो त्यांचा, शिवाय मराठी कवी. १९८३ ते १९९६ ते आयआयटी पवईला आयडीसीमध्ये शिकवत होते, मग एनसीएसटीत आले. मुदूर, जोशी आणि सहकाऱ्यांचा भारतीय लिप्यांच्या शेपिंगची रचना मांडणारा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. आणि विंडोज २००० मध्ये जो ‘मंगल’ फॉन्ट आला, तो याच जोशींनी घडवलेला. मंगलला फार लोक शिव्या घालतात, पण तेव्हाच्या जाड पिक्सेलच्या मॉनिटरवर तो वाचता येत होता हे विसरू नका.

पण फॉन्ट एकटा काही करत नाही. ‘क आणि ष मधे हलंत असेल तर हे चित्र दाखव’ असा नियम फॉन्टमध्ये असतो, तो वाचून अमलात आणणारा कोड वेगळा लागतो. विंडोजमध्ये ती लायब्ररी म्हणजे युनिस्क्राइब. तिचा मेमरीचा करार बघण्यासारखा आहे. तुम्ही मजकूर देता, पण त्यातून किती चित्रं निघतील हे आधी कोणालाच माहीत नसतं. ‘क्ष’चे तीन कोड मिळून एक चित्र होतं, तर कधी एका कोडची दोन चित्रं होतात. मग बफर केवढा घ्यायचा? युनिस्क्राइबचा सल्ला: अक्षरसंख्येच्या दीडपट अधिक १६. तो पुरला नाही तर लायब्ररी ‘मेमरी कमी’ असा एरर देते आणि तुम्ही मोठा बफर घेऊन परत हाक मारायची. दिसायला वेडगळ, पण यात मेमरी कोणाची याबद्दल एका अक्षराचा संभ्रम नाही. बफर कॉल करणाऱ्याने आणायचा, त्यानेच सोडायचा. शेजारून साखरेची वाटी आणली तर परत कोणी करायची हे ठरलेलं असतं, तसं. दोन लायब्रऱ्यांमधले अर्धे क्रॅश या वाटीवरून होतात: एकीने घेतलेली मेमरी दुसरीने आपल्या पद्धतीने सोडली की संपलं.

आता खरी गंमत लिनक्सवर. २००० नंतर एनसीएसटीने ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प केला. त्यांचा विचार असा: लिनक्सवर खिडक्या आणि अक्षरं काढतो तो एक्स सर्व्हर. मग शेपिंग तिथेच घालू. एका जागी बदल केला की वरची सगळी जुनी ॲप्लिकेशन्स, एका ओळीचा बदल न करता, देवनागरी दाखवायला लागतील. इंजिनिअर म्हणून मला हे उत्तर फार आवडतं. जोडीला ‘रघू’ नावाचा जोशींचा मुक्त फॉन्टही होता.

इंडिक्स मागे पडलं. कोड वाईट होता म्हणून नाही. खालची जमीनच सरकली. त्याच सुमारास लिनक्सच्या जगाने ठरवलं की अक्षरं सर्व्हरने काढायचीच नाहीत, ॲप्लिकेशनने स्वतःच्या बाजूला काढायची आणि तयार चित्रं सर्व्हरला द्यायची. एकदा हे झाल्यावर सर्व्हरमधल्या शेपिंगला विचारतो कोण? जीटीकेवाल्यांची पँगो ही लायब्ररी २००२ मध्ये जीटीके २ बरोबर आली आणि शेपिंग तिच्यात गेलं. केडीईवाल्यांचं क्यूटीमध्ये गेलं. ओपनऑफिसने आयसीयूचं घेतलं. म्हणजे एकाच मशीनवर एकच ‘शर्मिला’ तीन खिडक्यांत तीन जणी जोडणार, आणि प्रत्येकीचे बग वेगळे. एका ठिकाणी रफार बरोबर, दुसरीकडे चुकीच्या अक्षरावर. एकच ज्ञान तीन ठिकाणी लिहिलं की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हा गुंता सोडवला हार्फबझने. पँगो आणि क्यूटी यांच्यातला समान कोड एकत्र करून सुरू झालेली ही लायब्ररी नंतर बेहदाद इस्फाहबोद या इराणी-कॅनेडियन प्रोग्रामरने मुळापासून नव्याने लिहिली. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळीकडे तीच आहे. लिबरऑफिसमध्ये तर २०१७ च्या ५.३ आवृत्तीपर्यंत विंडोज, मॅक आणि लिनक्सवर वेगवेगळी शेपिंग इंजिनं होती. तीच फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की ओळी वेगळ्या जागी तुटू शकायच्या.

हार्फबझ जिंकली कारण ती फार कमी करते. ती पिक्सेल काढत नाही, ओळी तोडत नाही. मजकूर आणि फॉन्ट घेते, चित्रांचे क्रमांक आणि जागा परत देते, बस्स. फॉन्टचे बाइट्स तुम्ही देता, सोबत ‘काम झालं की हे फंक्शन बोलव’ असंही देता. म्हणजे मेमरी कशीही आणलेली असो, सोडायची पद्धत तुमचीच राहते. यूटीएफ-८ द्या नाहीतर यूटीएफ-१६, दोन्ही चालतं, आणि प्रत्येक चित्र मूळ मजकुरातल्या कितव्या जागेवरून आलं हेही ती सांगते. म्हणून सीमेवर उगाच रूपांतर करू नका. प्रत्येक रूपांतर म्हणजे एक कॉपी आणि एक बग.

आणि बरोबर कशाला म्हणायचं? विकिपीडियातून काढलेले लाखो देवनागरी शब्द युनिस्क्राइब आणि हार्फबझ या दोघांना दिले आणि उत्तरं जुळतात का ते पाहिलं. नियम नंतर बदलले, देवनागरीसाठी ‘देव२’ हा नवा टॅग आला, तरी जुन्या टॅगच्या फॉन्टसाठी जुनं वागणं जपावं लागलंच. मंगल वापरणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं?

परफॉर्मन्सचं म्हणाल तर शेपिंग महाग आहे, पण ब्राउझर एकदा जोडलेला शब्द कॅशमध्ये ठेवतात. ‘आणि’, ‘आहे’ किती वेळा येतात मोजा म्हणजे फायदा कळेल. आपण मात्र लूपमध्ये एकेका अक्षराची रुंदी मोजून बेरीज करतो. ते हळू तर आहेच, पण देवनागरीत चुकीचंही आहे :) तसंच लांबीचं. ‘मराठी’ इस्कीत ५ बाइट, यूटीएफ-१६ मध्ये १०, यूटीएफ-८ मध्ये १५. म्हणून ‘पहिले १०० बाइट दाखवा’ लिहिलं की शेवटी चौकोन येतो, आणि ‘पहिली १०० अक्षरं’ लिहिलं तर लटकता हलंत. युनिकोडच्या लायब्ररीत अक्षरगट मोजायची सोय असते, ती वापरा. स्वतः मोजायला जाऊ नका.

काही गोष्टी मात्र कुठलीच लायब्ररी आपोआप सोडवत नाही. ‘वाऱ्यावर’ मधला तो चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेल्या ऱ पासून, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून ‘वार्‍यावर’. दिसतात सारखे, बाइट वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक मानत नाही. मराठी डेटाबेसमध्ये शोध चालवायचा असेल तर दोन्ही एका रूपात आणायचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. तो न लिहिलेल्या साइटवर ‘गोऱ्हे’ आडनावाचा माणूस स्वतःला शोधत बसतो.

दुसरी गोष्ट ल आणि श. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे, २००९ च्या शासननिर्णयातही तेच धरलेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार आहेत, पण मजकूर मराठी आहे हे कोणीतरी हार्फबझला सांगावं लागतं. पानावर भाषा ‘एमआर’ लिहिलेली असेल तर ब्राउझर ती खालपर्यंत पोचवतो. बऱ्याच मराठी साइट्सच्या टेम्प्लेटमध्ये तिथे अजूनही इंग्रजीच लिहिलेलं असतं. तुमच्या साइटचा सोर्स उघडा आणि पहिली ओळ बघा.