आबांचा बाळू

आमच्या आबांनी उभ्या आयुष्यात कधी बॅट धरली नाही, पण क्रिकेटपटू पळवणकर बाळू त्यांना तोंडपाठ. देहूरोडच्या डेपोतून सायकल हाणत देहूला आले की ओसरीवर टेकायचे, शेंगदाणे-गूळ तोंडात टाकायचे आणि सुरू. गोष्टी मूळच्या त्यांच्या मामांच्या. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. त्यांनी तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या. म्हणजे तीन तोंडं फिरून आलेल्या, मीठमसाला धरूनच चाला.

बाळूचा जन्म १८७६चा, चर्मकाराच्या घरातला. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायला महिना ३ रुपये, मग साहेबांच्या पूना क्लबात ४. तिथे खेळपट्टीवर रोलर ओढायचा, जाळी लावायची आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. डावखुरा फिरकीवाला. त्या साहेबांपैकी ग्रेगसाहेब तासन्‌तास बॅट घेऊन त्याच्यापुढे उभा राही. बाद केलं की आठ आणे देई म्हणतात. मामांच्या तोंडी त्याचा रुपया व्हायचा! बॅट मात्र बाळूच्या हाती कुणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला घेतलं. साहेबांना हरवायचं तर त्याच्यावाचून गत्यंतर नव्हतं. मैदानात चेंडू सगळ्यांचा एकच. चहाला मात्र बाळू पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या कपात. जेवणाचं ताटही वेगळं. इथे आबा गप्प व्हायचे आणि आजी आतून म्हणायची, "बळी घेतल्याले चालत होते व्हय त्यांना?"

१९११ साली विलायतेच्या दौऱ्यावर बाळूने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचा कप्तान तो कधीच झाला नाही. तो मान त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळाला. देहूत राहणाऱ्या आजीला एवढंच पुरे होतं. "इठ्ठलाला पुढं करायला इतकी वर्सं?" असं दर वेळी विचारायची, दर वेळी हसायची.

२५ डिसेंबर १९५४ला देहूरोडला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या गर्दीत आबा होते. पुढच्याच वर्षी बाळू गेला. आबा दोघांचेही भक्त, म्हणून आम्ही पोरं मुद्दाम १९३७ची निवडणूक उकरून काढायचो. मुंबईत बाळू खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभा राहून हरला होता.

"आबा, तुमचं मत कुणाला पडलं असतं?"

तेवढं ऐकलं की आबांना हमखास भूक लागायची. "अगं, पिठलं झालं का?"