मोरीपासून सुरू होणारा नकाशा

वन-बीएचकेचा नकाशा आता कुणी मुळापासून काढत नाही. दार उघडलं की हॉल, हॉलच्या टोकाला तीन फुटी पॅसेज, पॅसेजच्या एका अंगाला किचन, दुसऱ्या अंगाला संडास-बाथरूम आणि शेवटी बेडरूम. डोंबिवलीत घ्या नाहीतर पिंपळे सौदागरला, अंधारातही पाहुण्याला बाथरूम सापडतं. इतकी ठरीव वस्तू म्हटल्यावर ती कुणीतरी एकदा बसून ठरवली असेल असं वाटतं. तसं काही झालेलं नाही. या नकाशातली एकेक भिंत वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने उभी राहिली, आणि त्यातली बरीच कारणं माणसांच्या राहण्यापेक्षा सांडपाण्याच्या वाटेशी जास्त बांधलेली आहेत.

जुनं घर खणांत मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. लाकूड किती लांबीचं मिळतं यावर खोलीचा आकार ठरे आणि ऐपत वाढली की खण वाढत. ओटी, माजघर, स्वयंपाकघर असे एकामागे एक टप्पे. कोणत्या खोलीत काय करायचं यापेक्षा कुठपर्यंत कोणी यायचं हे त्या क्रमात जास्त पक्कं होतं. माजघरात दुपारी निवडणंटिपणं चाले, रात्री तिथेच अंथरुणं पडत. न्हाणी मागच्या बाजूला, तिचं पाणी केळींना, आणि संडास असलाच तर परसाच्या पार टोकाला. म्हणजे घराच्या घाणीची सगळी सोय परसावर अवलंबून होती. शहराने घराच्या रचनेत केलेला पहिला आणि सर्वांत मोठा फेरफार एवढाच, की परसू काढून घेतलं.

मुंबईत १८५० च्या दशकात गिरण्या आल्या, मागोमाग चाळी. खोल्यांची रांग, पुढे सलग गॅलरी, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. घर म्हणजे एक खोली. पण त्या एका खोलीतही नकाशा होताच, आणि तो काढला होता मोरीने. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात गुडघाभर कठडा, आत उतार दिलेली फरशी, भिंतीतून बाहेर गेलेलं भोक. कठड्यावर कळशी, बाजूला पिंप, वर दोरीला जुन्या साडीचा पडदा. भाजी तिथेच धुवायची, भांडी तिथेच, अंघोळी तिथेच, रात्री लहान पोरांची सोयही तिथेच. पाणी तिथे म्हणून चूल किंवा शेगडी तिच्या शेजारी, चूल तिथे म्हणून फडताळ तिथे. दाराजवळचा उरलेला भाग आपोआप ‘बाहेरची खोली’ झाला. मध्ये भिंत नव्हती, तरी आलेला माणूस कुठे थांबायचं ते बरोबर ओळखत असे. डबल रूम घेणाऱ्याला हीच अदृश्य रेघ लाकडी पार्टिशनने आखून मिळे. आजचा वन-आरके हा त्या डबल रूमचा सख्खा वारस आहे.

सरकारने चाळी बांधल्या तेव्हाही एकक एका खोलीचंच राहिलं. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं. त्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. बीडीडी चाळी त्या ह्याच. तळमजला अधिक तीन, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. काँक्रीटसारखं नवं साहित्य हाती होतं, पण संडास होते तिथेच राहिले, सामाईक.

त्याआधी प्लेग येऊन गेला होता. १८९६ मध्ये मांडवीत साथ सुरू झाली, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि रोगाचं खापर अंधार आणि कोंदट हवेवर फुटलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे कळलं, पण तोवर खिडकी नियमात शिरली होती आणि ती काही बाहेर निघाली नाही. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर या उजेडाच्या प्रश्नाने झपाटलेले होते. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे: खिडकीच्या तळापासून त्या कोनात वर पाहिलं तर आभाळ दिसलं पाहिजे. सोप्या हिशेबात, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. आकडे पुढे बदलले, पण राहत्या प्रत्येक खोलीला बाहेरची खिडकी हवीच, हे कायम झालं. त्याचा परिणाम आजही मोजता येतो. उजेडाची पुढची बाजू हॉलला जाते, मागची बेडरूमला. मधला अंधारा पट्टा उरतो, त्यात पॅसेज आणि संडास-बाथरूम कोंबायचं आणि त्यांना हवेपुरता डक्ट द्यायचा.

पण संडास घरात आलाच कसा? या कुळकथेतला सर्वांत अवघड प्रवास त्याचा आहे. ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या बाजूला प्लॉट पाडले आणि १९२०–३० च्या दशकांत तिथे तीन-चार मजली इमारती उठू लागल्या. गिरगावातून तिकडे गेलेली मंडळी आपण ‘ब्लॉक’मध्ये राहतो असं मुद्दाम सांगत. चाळीत सामाईक असलेला संडास ब्लॉकमध्ये आपला एकट्याचा, हाच मोठा फरक. इतिहासकार निखिल राव यांनी या वस्त्यांवरच्या ‘हाउस, बट नो गार्डन’ या पुस्तकात अशा स्वयंपूर्ण फ्लॅटच्या घडणीची नीट चिकित्सा केली आहे. आता पेच असा, की देवघर आणि स्वयंपाकघर असलेल्या सोवळ्याच्या घरात संडास ठेवायचा कुठे? शिवाय टोपलीचे संडास होते तेव्हा ते साफ करायला रोज एक माणूस यावा लागे, आणि त्या माणसाला पुढच्या दाराने, घरातून, येऊ द्यायला घरमालक तयार नव्हते.

उत्तर नकाशात सापडलं. संडास इमारतीच्या अगदी पाठीला, घर आणि तो यांच्यामध्ये अरुंद गॅलरी, आणि मागच्या गल्लीतून थेट तिथे चढणारा लोखंडी गोल जिना. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागे असे गंजलेले जिने अजून लटकताना दिसतात. नवख्याला ते आगीच्या वेळी पळण्यासाठी असावेत असं वाटतं. फ्लश आला, मैला नळाने जाऊ लागला, तरी धुवायला येणारा माणूस त्याच जिन्याने येत राहिला. नकाशात जात कशी आखतात याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. घरात शिरू न देता घराची घाण काढून घ्यायची सोय इथे रीतसर लोखंडात ओतलेली आहे.

ड्रेनेजवर विश्वास बसत गेला तसा संडास इंचाइंचाने आत सरकला. आधी गॅलरी बंदिस्त झाली, मग त्याने बाथरूमशी भिंत वाटून घेतली, मग तो पॅसेजमध्ये आला आणि शेवटी ‘अटॅच्ड’ होऊन बेडरूममध्ये. माझ्या मते आजचा तीन फुटी पॅसेज हा त्या गॅलरीचाच आक्रसलेला अवशेष आहे. चालायला तो फारसा लागत नाही; संडासाचं दार हॉलमधल्या पाहुण्यांसमोर उघडू नये, हे त्याचं खरं काम.

बेडरूमचं दार हा त्यामानाने तरुण हक्क. लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नसणं ही चाळीतल्या घराघरातली अडचण इतकी सर्वांच्या ओळखीची होती, की तिच्यावर राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ (१९७०) हा अख्खा चित्रपट उभा राहिला आणि दोन वर्षांत त्याचा हिंदीत ‘पिया का घर’ही झाला. स्वयंपाकघराची गोष्ट छोटी आहे. १९५५ मध्ये बर्मा-शेलचा गॅस मुंबईत आला, धूर संपला, शेगडी जमिनीवरून ओट्यावर चढली आणि बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली. पाट मांडून बसायची जागा वाचली, तशी ती नकाशातूनही लगेच कापली गेली.

यापुढे नकाशा काढला तो कायद्यांनी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्याने द्यायला घर बांधण्यात कुणाला रस उरला नाही. ओनरशिपचा जमाना आला. त्यातले गैरव्यवहार आवरायला १९६३ चा मोफा कायदा करावा लागला. घर विकायचं म्हटलं की ते मोजावं लागतं. मग खोल्या नव्हे, बेडरूम मोजू लागले. १९७० मध्ये पहिल्यांदा निघालेली राष्ट्रीय इमारत संहिता किमान मापं सांगते: दोन खोल्यांच्या घरात एक साडेनऊ चौरस मीटर, दुसरी साडेसात, स्वयंपाकघर पाच, संडास-बाथरूम एकत्र असेल तर दोन पूर्णांक आठ. साडेनऊ चौरस मीटर म्हणजे आपलं दहा बाय दहा आणि वर चिमूटभर. सगळं मिळून २६७ चौरस फुटांच्या आसपास भरतं, पॅसेज वेगळा. याखाली जाऊ नका म्हणून सांगितलेली ही मापं. बिल्डरांनी मात्र ती इष्ट मापं असल्यासारखी पाळली.

एफएसआयने, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल या मर्यादेने, तर अजब वस्तू जन्माला घातल्या. फ्लॉवर बेड हा शब्द मुंबईच्या घरात कुठून आला? बागकामाच्या हौसेतून नक्कीच नाही. तो एफएसआयमध्ये मोजला जात नसे, म्हणून नकाशात फुलझाडं दाखवायची आणि ताबा मिळाल्यावर कठडा फोडून खोली दोन फूट वाढवायची, असा रिवाज पडला. जानेवारी २०१२ मध्ये महापालिकेने फ्लॉवर बेड, बाल्कनी वगैरे मोजायला घेतलं आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, ‘फंजिबल’ एफएसआय दिला. त्यानंतरच्या नकाशांतून फुलझाडं जवळजवळ नाहीशी झाली. जिना-लिफ्टचा वाटाही घराच्या मापात धरणाऱ्या ‘सुपर बिल्ट-अप’ नावाच्या फुगवट्यातून मात्र सुटका व्हायला २०१७ मध्ये रेरा कायदा लागू होईपर्यंत थांबावं लागलं.

घर ताब्यात आलं की लोक नकाशा पुन्हा आपल्या हातात घेतात, आणि ते बरंच करतात. किचन ड्राय बाल्कनीत ढकलून त्याजागी मुलांची खोली करायची, वन-बीएचकेचं टू करायचं, हॉल-किचनमधली भिंत पाडायची. कॉलम सोडून बहुतेक भिंती हलतात. हलत नाही तो संडास. त्याच्या चार इंची पाइपला डक्टकडे उतार हवा, खाली बुडवलेला स्लॅब हवा, आणि तो खालच्या घराच्या किचनवर गेला तर गळतीच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस येते. म्हणून इंटिरियरवाला घर पाहायला आला की हॉलच्या रंगाचं नंतर विचारतो, आधी बाथरूममध्ये जाऊन ट्रॅप कुठे आहे ते पाहतो.