डांबर पुसलेला पुतळा

खुनाच्या खटल्यातल्या वस्तू म्हटल्या की पिस्तूल, तलवार, रक्ताचे डाग पडलेले कपडे डोळ्यांपुढे येतात. लंडनच्या पोलिसांनी 1870 च्या दशकापासून अशा वस्तूंचा स्वतंत्र संग्रह जपला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात आपल्याकडे गाजलेले प्रकरण म्हणजे पुण्याचे रँड प्रकरण. सरकारने त्याला खून म्हटले, लोकांनी वध म्हटले. या प्रकरणाशी जोडलेली, मला सर्वांत बोलकी वाटणारी वस्तू शस्त्र नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला खुद्द राणीचा संगमरवरी पुतळा ही ती वस्तू.

मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची देणगी होती. 1872 साली तो मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ, तार ऑफिसापाशी उभारला गेला. योगायोग असा की, राणीचे आणि तिच्या नवऱ्याचे नाव घेऊन हे संग्रहालयही त्याच वर्षी लोकांसाठी खुले झाले. भाऊ दाजींचे नाव त्याला 1975 मध्ये मिळाले.

ऑक्टोबर 1896 मध्ये एका रात्री या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. कोणी केले, ते तेव्हा कळले नाही. पुढे 22 जून 1897 च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गव्हर्नरांच्या बंगल्यावरून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर वॉल्टर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड 3 जुलैला. सरकारने 20 हजारांचे बक्षीस लावले. पकडले गेल्यावर दामोदर हरी चापेकरांनी रँडवर गोळी झाडल्याचे सांगितलेच, शिवाय मुंबईच्या पुतळ्याला डांबर फासल्याचेही कबूल केले.

इथे तारखा नीट पाहाव्या लागतात. रँडची प्लेगच्या कामावर नेमणूक झाली फेब्रुवारी 1897 मध्ये आणि गोरे सोजीर पुण्यातल्या घरांत शिरले मार्चमध्ये. म्हणजे डांबर त्याच्या काही महिने आधीचे. प्लेगच्या वेळचा जुलूम खरा होता आणि त्याने पिस्तुलाला नेम दिला, यात शंका नाही. पण राग त्याआधीचा होता. दामोदरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त वि. गो. खोबरेकरांनी 1974 मध्ये संपादून प्रसिद्ध केले आहे. त्यात कीर्तनकाराच्या घरात वाढलेला, लष्करात शिरू पाहणारा आणि इंग्रजांइतकाच आपल्यातल्या सुधारकांवरही चिडलेला तरुण दिसतो. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींत हा माणूस मावत नाही. त्याला नुसता प्लेगचा सूड घेणारा ठरवले, तर त्याचे धाडस कळते, विचार कळत नाहीत. त्यातले काही विचार आज आपल्याला पटणारे नाहीत, म्हणून ते गाळणे हा इतिहास नव्हे.

मी दांडीहून बोईसरला येऊन, दादरला गाडी बदलून हा पुतळा पाहून आलो आहे. डाग कुठेही दिसत नाही. त्याचे श्रेय त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाचे. संगमरवरात मुरलेला काळा डाग युरोपीय तज्ज्ञांना हटवता येईना, तो विल्सन कॉलेजच्या या प्राध्यापकाने काढला आणि त्यांचे नाव झाले. पुढे बडोद्याच्या अलेंबिक कारखान्याच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. एका देशी माणसाने फासलेले डांबर दुसऱ्या देशी माणसाने स्वतःच्या विद्येच्या बळावर पुसले. दोघांपैकी एकालाच देशभक्त म्हणायची घाई मी करणार नाही.

18 एप्रिल 1898 ला दामोदर येरवड्यात फासावर गेले. फितुरी करणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी 1899 मध्ये मारल्यानंतर, त्याच वर्षी मे महिन्यात पाच दिवसांत वासुदेव चापेकर, महादेव रानडे आणि बाळकृष्ण चापेकर यांना फाशी झाली. एका घरातले तिघे भाऊ गेले. त्यांच्या आठवणीसाठी आपण चिंचवडला जातो, ते योग्यच आहे. पण भायखळ्याला गेलात, तर राणीच्या पुतळ्यापाशीही दोन मिनिटे थांबा आणि बरोबरच्या मुलांना ऑक्टोबर 1896 ची हकीकत सांगा.