मोनो तबकड्या आणि त्यांचे कार्ट्रिज

मोनो कार्ट्रिज म्हणजे एकाच वाहिनीत मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिका वाजवण्यासाठी घडवलेला पिकअप. टर्नटेबलच्या दांड्याच्या टोकाशी तो बसवलेला असतो आणि खाचेतून फिरणाऱ्या सुईच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करतो.

बेळगावच्या खासबागेत रविवारी बाजार भरतो, म्हापशात शुक्रवारी. अशा बाजारात एखादी जुनी तबकडी हाती लागली, की ती घरच्या यंत्रावर तत्काळ लावण्याचा मोह होतो. मात्र त्यापूर्वी ती कोणत्या प्रकारची आहे, हे पाहणे अगत्याचे असते. चुकीच्या सुईने झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

मोनो तबकडीत ध्वनी केवळ आडव्या कंपनांत कोरलेला असतो. १९५८ च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकडीत खाचेच्या दोन भिंतींवर दोन स्वतंत्र वाहिन्या असतात. त्यामुळे स्टिरिओ कार्ट्रिज आडव्याबरोबर उभी कंपनेही टिपते. मोनो तबकडीत उभ्या कंपनांत संगीत नसतेच. असते ती धूळ, ओरखडे आणि झीज यांची खरखर. मोनो कार्ट्रिज ती वगळते, म्हणून गायकाचा आवाज अधिक स्वच्छ आणि स्थिर ऐकू येतो.

सुईच्या टोकाचे मापही तितकेच महत्त्वाचे आहे. स्टिरिओ सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, जुन्या मोनो एलपीसाठी सुमारे २५, तर लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉन असते. बारीक सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाशी घसरते आणि तेथील कचराच वाजवते. उलटपक्षी ग्रामोफोनची पोलादी सुई व्हिनाइलवर टेकवली, तर ती तबकडी कायमची गेली म्हणून समजावे.

आपल्या प्रदेशासाठी हा विषय केवळ हौसेचा नाही. मंगेशीचे मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये निवर्तले. त्यांचे मुद्रित गायन सर्वस्वी मोनो युगातले. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही त्याच काळातल्या. यातील काही मुद्रणे पुढे एलपीवर आली, तीही मूळ मोनोच.

एचएमव्हीच्या भारतीय एलपीवर प्रकार ओळखणे सोपे आहे. क्रमांकापूर्वी ‘ईएएलपी’ किंवा ‘ईसीएलपी’ ही अक्षरे असल्यास ती मोनो. ‘ईएएसडी’ किंवा ‘ईसीएसडी’ असल्यास स्टिरिओ.

डेनॉनचे डीएल-१०२ आणि ऑर्टोफोनचे २एम मोनो ही परिचित मोनो कार्ट्रिजे होत. ही स्टिरिओ तबकडीलाही इजा करीत नाहीत, आवाज मात्र मोनोच देतात. स्टिरिओपूर्व काळातील कार्ट्रिजांचे तसे नाही. त्यांची सुई वर-खाली हलण्यास अवघड असल्याने स्टिरिओ खाचेच्या भिंती खरवडल्या जातात.

नवे कार्ट्रिज घेणे परवडत नसेल, तर अॅम्प्लिफायरवरील ‘मोनो’ बटण दाबावे. दोन्ही वाहिन्या एकत्र आल्याने उभ्या कंपनांची खरखर बरीचशी लोप पावते. सुईचे माप मात्र बटणाने बदलत नाही. ७८ च्या तबकडीसाठी स्वतंत्र सुई घ्यावीच लागते. तोवर ती तबकडी न वाजवता, उभी आणि उन्हापासून दूर ठेवणे हेच श्रेयस्कर.