अधिसेविका : शिक्षण आणि बढती (मुंबई)

रुग्णालयाच्या परिचर्या विभागाची प्रमुख, बोलीत मेट्रन. मुंबईत महापालिकेची परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर व शीवचे लोकमान्य टिळक आणि राज्य शासनाचे भायखळ्याचे जे. जे. या मोठ्या रुग्णालयांत परिचारिका, परिसेविका (सिस्टर-इन-चार्ज), सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका अशा पायऱ्या चढत या पदापर्यंत पोचावे लागते. अधिकार अधिसेविकेचा असला, तरी वॉर्ड चालतो तो परिसेविकेच्या जिवावर. ड्यूटी लावणे, औषधांचा व चादरींचा हिशेब, नातेवाइकांची भांडणे, नव्या मुलींना हाताशी धरून शिकवणे आणि नवख्या निवासी डॉक्टरला वेळीच टोकणे, हे सारे तिच्याकडे असते.

जे. जे.मधील प्रशिक्षणाच्या इतिहासात पहिल्या भारतीय विद्यार्थिनी म्हणून बाई काशीबाई गणपत (1891) यांचे नाव घेतले जाते. परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांतात 1935 मध्ये आला. आजची महाराष्ट्र परिचर्या परिषद 1966 च्या अधिनियमाखाली चालते. दिल्ली आणि वेल्लोर येथे पदवी शिक्षण 1946 मध्येच सुरू झाले होते. चर्चगेटला एसएनडीटी विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघाले 1964 मध्ये. एवढी रुग्णालये असलेल्या शहराच्या मानाने हा उशीरच म्हणायचा.

जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या) पदविका घेऊन नोकरीला लागलेल्या परिचारिकेला पुढे पोस्ट बेसिक (पदविकाधारकांसाठीची) बीएस्सी आणि त्यानंतर एमएस्सी करता येते. नोकरी न सोडता शिकू पाहणाऱ्यांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाने 1994 मध्ये पोस्ट बेसिक अभ्यासक्रम सुरू केला. परळच्याच टाटा मेमोरियलमध्ये कर्करोग परिचर्येची विशेष पदविका आहे. शिवाय नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना निरंतर शिक्षणाचे ठरावीक तास दाखवावे लागतात. हे तास बहुधा सभागृहात बसून भरतात. नाइट करून सकाळच्या गाडीने कल्याण-विरारकडे निघालेल्या बाईला तेही सोपे नसते.

खरी अडचण वेगळीच आहे. सार्वजनिक रुग्णालयांत वरच्या जागा मुख्यतः सेवाज्येष्ठतेने आणि जागा रिकामी झाली तर मिळतात. उच्च पदवीला खरी मागणी असते ती परिचर्या शाळा-महाविद्यालयांत, शिक्षिकेच्या जागांवर. त्यामुळे शिकलेली परिचारिका वॉर्डापासून दूर जाते आणि वॉर्ड सांभाळणारीच्या वाट्याला प्रशासनाचे रीतसर शिक्षण क्वचितच येते. अंदाजपत्रक, चौकशी, मनुष्यबळाची मागणी या गोष्टी ती खुर्चीवर बसल्यावरच शिकते.

परिचारिकांचे नेतृत्व कसे असते, हे केईएमने साऱ्या देशाला दाखवले. तेही एखाद्या पदाच्या बळावर नव्हे. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या पुन्हा कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. शहरातील परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला. ऐंशीच्या दशकात शानबाग यांना रुग्णालयातून हलवण्याचा घाट पालिकेने घातला, तेव्हा परिचारिकांनीच तो हाणून पाडला. वॉर्ड क्रमांक 4 मध्ये भरवणे, कूस बदलणे, अंग पुसणे असा क्रम 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत चालू राहिला. या जवळजवळ 42 वर्षांत कितीतरी परिसेविका निवृत्त झाल्या. पण पुढची येई ती आधीचीकडून सगळे समजून घेऊनच. इतक्या वर्षांत अंगावर बेडसोअर नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. दयामरणाच्या याचिकेवरील 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिकाकर्त्या पिंकी विराणी यांना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांच्या मताला रुग्णालयाच्या बैठकांत फारसा वाव नसतो, त्या परिचारिकांचा शब्द देशाच्या कायद्यात वजनदार ठरला. वॉर्डात एकमेकींकडून घेतलेले हे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रावर आले नाही, आणि त्यावर कुणाला बढतीही मिळाली नसावी.

1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. शिक्षण आणि नोंदणी त्याच्या कक्षेत येतात. अधिसेविकेच्या खुर्चीवर कोणी बसायचे हे मात्र पालिका आणि राज्य शासन यांच्या सेवाप्रवेश नियमांवरच ठरते.